केशरी बटण आणि माझा डावा डोळा

हे लिहायला मला डोळ्यांच्या दवाखान्यातल्या सविताताईंनी सांगितलं. त्या म्हणाल्या, "यमुनाबाई, मला जे बडबडलात ते लिहून काढा. बाकीच्या पेशंटना उपयोग होईल." मी म्हटलं, माझं शिक्षण चौथी. त्या म्हणाल्या, काचबिंदू शिक्षण बघून येत नाही. मग मी जाड काळ्या स्केचपेनने लिहायला बसले. एका पानावर पाच-सहा ओळी मावतात. सून ज्योतीने ते टाइप केलं. तिला बजावलंय, माझी वाक्यं गोड करायची नाहीत.

मी शहराबाहेर मखमलाबादकडे राहते. घराला लागून थोडी जमीन आहे, तिच्यात झेंडू, शेवंती, निशिगंध. फुलं मी तोडते, मी ओवते आणि फुलबाजारात मीच बसते. नवरा होता तेव्हाही मीच बसायचे, त्याला गिऱ्हाइकाशी बोलता येत नव्हतं. मुलगा महेश शहराच्या दुसऱ्या टोकाला अंबडला कारखान्यात आहे, तिथेच सिडकोत राहतो. "आई, आता आमच्याकडे ये," हे त्याचं जुनं पालुपद. मी जात नाही. तिसऱ्या मजल्यावर बसून मी काय खिडकीतून गाड्या मोजू?

आमचा धंदा आता निम्मा फोनवर चालतो. साखरपुड्याला हार, दुकानाच्या पूजेला तोरण, सगळं लोक लिहून पाठवतात. मला वाचता येतं. हळू येतं, पण येतं. म्हणून मी एकटी राहू शकत होते. डोळे गेले असते तर बाजारातली जागाही गेली असती आणि माझं घरही. एवढीच गोष्ट आहे, बाकी सगळं तिच्याभोवतीचं.

फोन बिघडला

सुरुवात दुखण्याने झाली नाही. काचबिंदू दुखत नाही, निदान माझा दुखला नाही. सुरुवात अशी झाली की फोनमधली अक्षरं पुसट दिसायला लागली. एक दिवस फोनचं रूपच बदललं. काळी अक्षरं राखाडी झाली, खालची चित्रं बारीक रेघांची झाली. मी फोन घेऊन मोबाईलच्या दुकानात गेले.

"आजी, फोन एकदम ओके आहे," दुकानातला पोरगा म्हणाला.

"मग अक्षरं का पुसट झाली?"

"अपडेट आलंय."

"मग परत पाठव."

तो हसला. त्याने उजेड पूर्ण वाढवून दिला. पुढच्या खेपेला मी काच बदलायला लावली. तरी तेच. तिसऱ्यांदा गेले तेव्हा तो म्हणाला, "आजी, राग मानू नका, एकदा डोळे दाखवून या."

"तू काचा बसव," मी म्हटलं, "डॉक्टरकी करू नकोस."

त्या पोराचं ऐकलं असतं तर बरं झालं असतं. पण फोन खरोखर फिकट झाला होता, शेजारणीचाही झाला होता, म्हणून मला वाटलं दोष सगळा फोनचा.

बाकीच्या गोष्टी मी बाजूला सारत गेले. मंडईच्या पायऱ्या, सिमेंटच्या, सगळ्या एका रंगाच्या. कुठली पायरी कुठे संपते ते कळेना, म्हणून मी भिंतीला धरून उतरायला लागले आणि गुडघ्याला बोल लावला. उजवीकडून गाय आली ती अंगावर येईपर्यंत दिसली नाही, गायीला शिव्या दिल्या. एका गिऱ्हाइकाने निशिगंधाचा हार परत आणला. मधल्या चार कळ्या काळपट होत्या. चाळीस वर्षं मी ओवतेय, असा हार माझ्या हातून गेला नव्हता. त्या दिवशी मी कुणालाच शिव्या दिल्या नाहीत.

मग एका रविवारी महेश आणि ज्योती जेवायला आले. ज्योतीला दहीभात आवडतो. मी तिच्या पांढऱ्या ताटलीत वाढला आणि निम्मा बाहेर, पांढऱ्या ओट्यावर. मला तो दिसलाच नाही. मी डाव धुवायला वळले. ज्योतीने फडकं घेऊन पुसलं. जाताना मात्र म्हणाली, "आई, उद्या मी सुट्टी घेते. आपण दवाखान्यात जाऊ."

"कशाला?"

"मला चष्म्याचा नंबर बघायचाय," ती म्हणाली. खोटं बोलत होती. मी गेले.

दिवा दिसला की दाबा

आधी डोळ्यावर हवेचा फटका मारतात. दचकायला होतं, लागत नाही. मग एका अंधाऱ्या खोलीत नेतात. तिथे पांढऱ्या घमेल्यासारखं एक यंत्र असतं. एक डोळा झाकून हनुवटी टेकवायची, समोर बघत राहायचं, आणि आत कुठेही बारीक दिवा लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं.

मी बसले. थोडा वेळ दिवे दिसले. मग दिसेनात. मला वाटलं, यंत्र थांबलं. पण कानाला आतून टिक-टिक ऐकू येत होती. म्हणजे दिवे लागत होते. मग मी त्या आवाजावर बटण दाबायला लागले. नापास कशाला व्हायचं?

डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिला आणि माझ्याकडे पाहिलं. "आजी, अंदाजाने दाबलंत ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"यंत्र मधूनच दिवा न लावता नुसता आवाज करतं, तेव्हाही तुम्ही दाबलंय. परत बसा. दिसत नसेल तर दाबू नका. न दिसणं हेच मला बघायचंय."

परत बसले. या वेळी खरं दाबलं. त्या खोलीतली ती टिक-टिक मला अजून आठवते. बटण हातात आणि दाबायला काही नाही.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण बोलायला सरळ. म्हणाल्या, काचबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत. मी म्हटलं, मग काढून टाका की. आमच्या आळीतल्या अर्ध्या म्हाताऱ्यांचे काढलेत, दुसऱ्या दिवशी पेपर वाचतात.

"तो मोतीबिंदू. तो काढता येतो. यात डोळ्यातला दाब वाढून आतली नस सुकते. सुकलेली परत येत नाही. उरलीय ती आपण सांभाळायची."

"किती उरलीय?"

"उजव्यात थोडी. डाव्यात बऱ्यापैकी. डावा आपल्याला वाचवायचाय."

हे त्यांनी न लपवता सांगितलं म्हणून मी त्यांची आभारी आहे. त्यांनी आणखी एक सांगितलं. काचबिंदू म्हणजे फक्त कडेचं जातं असं नाही. एका रंगावरचा त्याच्याच जवळचा रंग ओळखू येईनासा होतो. राखाडीवर राखाडी, पांढऱ्यावर फिकट. पायरी, दहीभात, निशिगंधाची काळपट कळी, सगळं तेच होतं. शेवटी म्हणाल्या, "हा रक्तातून जातो. मुलाचे डोळेही तपासून घ्या."

रिक्षात ज्योतीने माझा हात धरला. मी म्हटलं, "रडणार असशील तर उतर." तिने नाक पुसलं आणि हात तसाच धरून ठेवला. मीही सोडवला नाही.

थेंब

थेंब जन्मभराचे. ज्यांना नुकतं कळलंय त्यांना सांगते, थेंबांनी दिसायला लागत नाही, म्हणून थांबवू नका. ते दिसण्यासाठी नसतात, असलेलं टिकण्यासाठी असतात. मला हे समजायला वेळ लागला, कारण औषध घेऊन काहीच फरक पडत नाही हे पटायला कठीण जातं.

मला दोन बाटल्या होत्या. दोन्ही पांढऱ्या, दोन्हींवर मुंगीएवढं लिहिलेलं. एकीला मी हाराचा लाल दोरा गुंडाळला. सकाळची लाल, रात्रीची बिनदोऱ्याची. पायऱ्यांच्या कडांना महेशने पिवळा पट्टा मारून दिला. जेवायला स्टीलचं ताट, भाताखाली आधी आमटी. एवढ्याने दिवस बराच सुधारतो.

पण डाव्या डोळ्याचा दाब थेंबांना दाद देईना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, छोटं ऑपरेशन करू, दाबाला वाट करून देऊ. आणि लवकर करू.

केशरी

त्या दवाखान्याचं फोनवर एक अ‍ॅप आहे. तारीख तिथेच मिळते. ऑपरेशनच्या काही दिवस आधी फोन वाजला. मी बाजारात होते, ऊन तोंडावर. फोनवर पांढरं पान आलं. मध्ये काहीतरी राखाडी लिहिलेलं, खाली दोन बटणं असावीत. एक ठळक केशरी. त्याच्यावर पांढरी अक्षरं होती, ती मला त्या केशरीत विरघळल्यासारखी दिसली, वाचता येईनात. दुसरं त्याच्या वर, एक बारीक राखाडी चौकट, आत फिकट काहीतरी.

आता मी काय केलं ते सांगते, कारण ते फूलवालीच करेल. आमच्याकडे रंग उतरलेलं फूल म्हणजे संपलेलं फूल. पाटीत हात घालताना डोळा आपोआप टवटवीत रंगाकडे जातो आणि फिकटाला बाजूला सारतो. विचार करावा लागत नाही. फोनवरची ती फिकट चौकट मला शिळी वाटली. वापरून झालेली, आता तिचं काम नाही, अशी. केशरी ताजं होतं. मी केशरी दाबलं. परत एक पांढरं पान आलं, त्यावर काहीतरी राखाडी लिहून आलं. मला वाटलं, झालं. फोन पिशवीत टाकला आणि झेंडूवर पाणी मारलं.

केशरी बटणावर लिहिलं होतं, "तारीख रद्द करा." फिकट चौकटीत होतं, "तारीख पक्की करा."

ऑपरेशनच्या दिवशी महेशने सुट्टी टाकली होती. मी उपाशी, बॅग भरलेली. खिडकीवर नाव सांगितलं तर म्हणाले, नाव नाही, तुम्हीच रद्द केलंत. माझी जागा दुसऱ्याला गेली होती आणि ऑपरेशनवाले डॉक्टर बाहेरगावी निघाले होते. पुढची तारीख बरीच लांबची होती.

महेश गाडीपाशी आल्यावर बोलला.

"तू रद्द केलंस?"

"मी काहीही रद्द केलं नाही."

"मग फोनने आपोआप केलं? आई, मला किती मिनतवारीने सुट्टी मिळाली ठाऊक आहे? आणि सुट्टीचं जाऊ दे, तुझ्या डोळ्याचं काय? डॉक्टर काय म्हणाल्या होत्या, लवकर. लवकर म्हणजे काय असतं?"

"ओरडू नकोस, लोक बघतात."

"तुला दिसतात का लोक?"

बोलल्याबरोबर त्याचं तोंड उतरलं. पण बोलून झालं होतं. मी मागच्या सीटवर बसले आणि त्याने गाडी सुरू केली.

घरी आल्यावर त्याने हात पुढे केला. "फोन दे. दवाखान्याचं आता माझ्या फोनवर येऊ दे. ऑर्डरी ज्योती बघेल. तुला हे जमत नाहीये, आई. आणि ऑपरेशन झालं की तू आमच्याकडे यायचंस. आता विषय नको."

मी फोन दिला. त्याने सिम काढून ज्योतीच्या फोनमध्ये घातलं. रिकामा फोन मी कपाटात टाकला. माझा मुलगा वाईट नाही. तो घाबरला होता, आणि घाबरला की तो हुकूम सोडतो. त्याचा बापही तसाच होता.

मधले दिवस

हे दिवस सगळ्यांत वाईट गेले. ऑपरेशनपेक्षाही. रोज सकाळी उठून मी डावा डोळा उघडायचे आणि समोरच्या भिंतीवरचं घड्याळ बघायचे. काल दिसत होतं तेवढंच दिसतंय का? रोज तेवढंच वाटायचं आणि रोज खात्री नसायची. उरलेली नस सुकताना आवाज होत नाही. झेंडू सुकतो तेव्हा निदान वास बदलतो.

ज्योती संध्याकाळी शेजारणीच्या फोनवर फोन करून मला ऑर्डरी वाचून दाखवायची. तिची बालवाडीची नोकरी, घर, आणि वर माझी फुलं. एका लग्नाची ऑर्डर तिच्याकडून राहून गेली. ती इतकी रडवेली झाली की मलाच तिची समजूत काढावी लागली. गिऱ्हाईकही बदलतं. "आजींशीच बोलायचं होतं," म्हणायचं आणि दुसरीकडे जायचं. मी बाजारात बसत होते, पण माझ्याकडे येणारी वाट दुसऱ्याच्या हातात होती. म्हातारपणात माणूस असंच थोडं थोडं बाजूला सारलं जातं. कोणी वाईट नसतं त्यात. सगळे मदतच करत असतात.

लंकाबाई

अखेर भरती झाले. ऑपरेशनबद्दल घाबरणाऱ्यांना एवढंच सांगते की डोळा बधिर करतात, तुम्ही जागे असता, वरून उजेड दिसतो आणि कोणीतरी बोलत असतं. दुखलं नाही. त्यानंतर खाली वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, डोक्यावरून अंघोळ नाही. वाकायचं नाही हे सगळ्यांत अवघड. माझं आयुष्य वाकून गेलंय.

शेजारच्या खाटेवर निफाडकडच्या लंकाबाई होत्या. द्राक्षाच्या मळ्यात जन्म गेलेला. त्यांच्याही डोळ्याला पट्टी. दोघी एकेका डोळ्याने एकमेकींकडे बघत चहा प्यायलो.

"तुमचं लवकर झालं का?" मी विचारलं.

"कशाचं लवकर! आधीची तारीख गेली माझी. त्या फोनात काय झालं काय नाय, इथं आले तर म्हने तुमीच नको म्हनलं. पोरगं लय बोललं मला. म्हातारे, कशाला हात लावती म्हनं."

मी कप खाली ठेवला. "तुम्ही काय दाबलं होतं?"

"काय दाबनार? एकच तर दिसत हुतं. केशरी. वर काय हाय का नाय, कुनाला ठावं."

मला हसू आलं आणि डोळ्याला धोका म्हणून ते गिळावं लागलं. इतके दिवस मी मनात धरून चालले होते की माझंच डोकं आणि माझेच डोळे. आधी फोनला दोष दिला आणि डोळे दाखवायला उशीर केला. मग कळलं डोळे खराब, तर फोनचा काही दोष असेल हे माझ्याही मनात आलं नाही आणि महेशच्याही. दोन्ही खरं होतं. डोळे खराब होते आणि ते पानही वाईट केलेलं होतं.

सविताताई तेव्हा औषधांचं समजावायला आल्या. त्या पेशंटशी बोलायचं काम करतात, कमी दिसणाऱ्यांची एक खोलीही त्यांच्याकडे आहे. आम्ही दोघींनी त्यांना एकदमच धरलं.

"एकेक करून बोला," त्या म्हणाल्या.

आम्ही सांगितलं. त्यांनी स्वतःचा फोन काढला, ते पान उघडलं, आणि बघत राहिल्या. मग खिडकीत, उन्हात नेऊन पाहिलं. परत आल्या आणि खाटेवर बसल्या.

"मी हे रोज बघते," त्या म्हणाल्या. "पक्की करा कुठे आहे ते मला पाठ आहे. मी वाचतच नाही. दर आठवड्याला कोणी ना कोणी येतं, तारीख रद्द झाली म्हणून. मला वाटायचं, लोक ऑपरेशनला घाबरतात आणि मग कबूल करत नाहीत."

"डोळ्यांचा दवाखाना ना तुमचा?" लंकाबाई म्हणाल्या. "मंग ज्याला दिसतं त्यानंच बघायचं का त्यात?"

सविताताई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "वर कळवते. बदलायला वेळ लागेल, बाहेरच्या माणसांकडून करून घेतलंय. तोवर साठीच्या पुढच्या सगळ्यांना मी स्वतः फोन करीन." त्यांनी ते केलं. अजून करतात. पान अजून तसंच आहे.

रंग उलटे

सविताताईंनी मला फोन घेऊन यायला सांगितलं. ज्योतीने महेशला न सांगता कपाटातला फोन आणला.

आधी त्यांनी अक्षर मोठं केलं. मला फारसा फरक पडला नाही. पुसट अक्षर मोठं केलं तर मोठं पुसट अक्षर मिळतं. मग त्यांनी फोनचे रंग उलटे केले. पाठ काळी, अक्षर पांढरं. आणि अक्षरं जाड केली.

मी फोन तोंडासमोर धरला आणि वाचायला लागले. थांबत थांबत, पण वाचलं. बाजारात आम्ही मोगरा कधी पांढऱ्या कापडावर ओतत नाही. ओलं गोणपाट पसरतो, त्याच्यावर एकेक कळी वेगळी दिसते. हे तसंच होतं. मी सविताताईंना तसं सांगितलं तर त्या म्हणाल्या, "हेच मला लोकांना समजावता येत नाही."

मी ते कसं करायचं ते त्यांच्याकडून तीनदा करून घेतलं, मग चौथ्यांदा स्वतः केलं. तोटा एकच, फोटो भुतासारखे दिसतात. महेशचा फोटो उघडला तर दात काळे आणि केस पांढरे. मी ज्योतीला दाखवला. ती म्हणाली, "आई, हा असाच राहू द्या."

ज्यांना हे नवं आहे त्यांना सांगते, फोन घेऊन दवाखान्यात जा आणि विचारा. चष्मा मागायला लाज वाटत नाही, मग यात कसली?

डावा डोळा टिकला. दाब उतरला. उजव्याचं विचारू नका.

पण सिम ज्योतीच्याच फोनमध्ये होतं. महेशला मी सांगितलं, आता मला वाचता येतं. तो म्हणाला, "बघू, आई. आधी पूर्ण बरी हो. खोली तयार केलीय तुझ्यासाठी." त्याला ते केशरी आणि फिकटचं मी सांगितलं, लंकाबाईंचं सांगितलं. त्याने फोनवर ते पान काढून पाहिलं. "दिसतंय की," तो म्हणाला. त्याला दिसत होतं, त्याची काही चूक नाही.

मी म्हटलं, "ठीक आहे. मी येते तुझ्याकडे राहायला. पण आधी तू डोळे तपासून घे. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलंय, तू टाळतोयस."

"मला काय झालंय? मी यंत्रावर काम करतो."

"मलाही काही झालं नव्हतं."

बाकावर

त्याच्याबरोबर मी गेले. हवेचा फटका मारला तेव्हा माझा एवढा मोठा मुलगा खुर्चीत उडाला. मग त्याच्या डोळ्यांत बाहुली मोठी करायचे थेंब घातले. मग डॉक्टरीणबाईंनी आत घेतलं. बराच वेळ आत ठेवलं. मी बाहेर बाकावर बसून त्या दाराकडे बघत होते. माझ्या स्वतःच्या वेळी मला एवढी भीती वाटली नव्हती.

तो बाहेर आला. "दाब थोडा जास्त आहे," तो म्हणाला. "नस अजून चांगली आहे म्हणाल्या. लवकर आलात म्हणाल्या. त्या घमेल्यात बघायची तपासणी करायला परत बोलावलंय."

"बस," मी म्हटलं.

तो बसला. डोळे मिचकावत होता. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तारखेचं पान आलं होतं. त्याने फोन जवळ धरला, लांब धरला, भिंतीकडे वळून सावलीत धरला. अंगठा खाली गेला.

"थांब," मी म्हटलं. "काय दाबतोयस?"

"पक्की करा."

"वाचलंस?"

तो म्हणाला, "एकच बटण आहे ना? केशरी?"

मी त्याच्या हातातून फोन घेतला. त्याचा फोन माझ्या फोनसारखाच होता, आतली वाटही तीच. मला वेळ लागला. तो माझ्या खांद्याला खांदा लावून बसला आणि घाई केली नाही. रंग उलटे झाले, पान काळं झालं, आणि वरच्या चौकटीत पांढरी अक्षरं उठून आली. मी ती मोठ्याने वाचली आणि दाबलं. खाली आलेलंही वाचलं. तारीख पक्की झाली होती.

महेश समोर बघत होता, म्हणजे कुठेच बघत नव्हता.

"आई, त्या दिवशी मी तुला..." तो म्हणाला.

"ते जाऊ दे. सिमचं बोल."

त्याने मला तिथूनच ज्योतीला फोन लावायला सांगितलं. मी लावला. "ज्योती," तो म्हणाला, "आईचं सिम काढून ठेव. येताना घेऊन ये." पलीकडून ती काय म्हणाली मला ऐकू आलं नाही, पण तो कसनुसं हसला. "हो," म्हणाला, "कळलं."

तसल्या डोळ्यांनी त्याला मोटारसायकल चालवता येणार नव्हती. ती दवाखान्यातच ठेवली. बाहेर पडलो तर ऊन असं की तो दारातच थांबला आणि डोळ्यांवर हात घेतला. मी त्याचं कोपर धरलं आणि पायऱ्या सांगत खाली आणला. या पायऱ्या मला पाठ आहेत.

रिक्षा थांबली. "कुठे जायचं?" रिक्षावाल्याने महेशला विचारलं, पुरुषाला विचारतात तसं. सिडको म्हणायचं सोडून महेश माझ्याकडे वळला आणि थांबला.

मी म्हटलं, "मखमलाबाद. माझ्या घरी."